व्हर्मेंटिनो दी गल्लूरा: पहिल्यांदा पिणाऱ्यांसाठी आणि सार्डिनियाला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

इटालियन वाइन म्हटलं की आपल्याकडे लोकांना कियांती आठवते, नाहीतर प्रोसेको, आणि व्हाइट वाइन म्हटलं की पिनो ग्रिजिओ. मला यातल्या कशाबद्दलच तक्रार नाही, पण ज्या वाइनने मला व्हाइट वाइन नीट प्यायला शिकवली ती सार्डिनिया बेटाच्या ईशान्य कोपऱ्यातली आहे, नाव व्हर्मेंटिनो दी गल्लूरा. गेल्या काही वर्षांत तीनदा तिकडे जाणं झालं, आणि प्रत्येक वेळी ओळखीतलं कोणीतरी विचारतं की बाटली कुठली घेऊ, कशाबरोबर पिऊ, तिकडे गेलो तर नेमकं कुठे जाऊ. दरवेळी व्हॉट्सअॅपवर तुकड्या तुकड्यात सांगतो, म्हणून आता एकदाच सविस्तर लिहितोय. वाइनमधलं काहीच माहीत नसेल तरी चालेल, मुद्दाम शून्यापासून सुरू करतो.

आधी नाव समजून घ्या

व्हर्मेंटिनो हे द्राक्षाचं नाव आहे आणि गल्लूरा हे प्रदेशाचं, म्हणजे 'गल्लूऱ्यातलं व्हर्मेंटिनो' एवढाच त्याचा अर्थ. हेच द्राक्ष फ्रान्समधे प्रोव्हान्सला रोल नावाने ओळखतात, इटलीत लिगुरियामधे पिगातो म्हणतात आणि पिएमोंतेमधे फावोरिता, शेतकऱ्यांना बरीच वर्षं ही वेगवेगळी द्राक्षं वाटायची पण तपासल्यावर एकच निघाली. मूळ नक्की कुठलं यावर अजून वाद आहेत. गल्लूऱ्यात मात्र ते समोरच्या कोर्सिका बेटावरून आलं असं मानतात, आणि ते पटण्यासारखं आहे कारण मधे फक्त बोनिफाचोची सामुद्रधुनी आहे, जेमतेम 11-12 किलोमीटर पाणी, स्वच्छ दिवशी पलीकडचे पांढरे कडे दिसतात. गल्लूऱ्याची बोलीसुद्धा बाकीच्या सार्डिनियापेक्षा कोर्सिकाच्या भाषेला जवळची आहे.

सार्डिनिया म्हणजे भूमध्य समुद्रातलं सिसिलीनंतरचं दुसरं मोठं बेट, साधारण 24,000 चौरस किलोमीटर, आपल्या पुणे जिल्ह्याच्या दीडपट धरा. इटलीचाच भाग, पण 1948 पासून खास स्वायत्तता असलेला प्रदेश. गल्लूरा त्याचा ईशान्येकडचा तुकडा. मध्ययुगात या बेटावर चार छोटी राज्यं होती त्यातलं एक गल्लूरा, त्याचं चिन्ह कोंबडा, तो अजूनही तिकडे ठिकठिकाणी दिसतो.

शाळेच्या इतिहासात वाचलेला गॅरिबाल्डी आठवतोय ना? तो शेवटची वर्षं इथल्याच काप्रेरा नावाच्या छोट्या बेटावर शेती करत राहिला आणि 1882 मधे तिथेच वारला. त्याचं घर अजून बघता येतं.

ही वाइन वेगळी का, तर ग्रॅनाइट आणि वारा

हा भाग घाईघाईत वाचू नका, कारण पुढे ग्लासात जे लागतं ते सगळं इथून येतं.

गल्लूऱ्याची जमीन ग्रॅनाइटची आहे. आपला सह्याद्री काळ्या बेसाल्टचा, त्याची माती काळी, चिकट, पाणी धरून ठेवणारी, आणि इथे बरोब्बर उलटं. ग्रॅनाइट हजारो वर्षं वाऱ्यापावसात झिजून त्याची जाडसर वाळू झालीये, हातात घेतली तर खडीसाखरेसारखी टोचते, पाणी पडलं की सरळ खाली जातं, आणि अन्नद्रव्यं कमी. असल्या हलक्या जमिनीत वेल माजत नाही, मुळं खोल जातात, घड कमी आणि लहान लागतात पण चव घट्ट होते. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षवाल्याला हे वेगळं सांगायला नको, की माल कमी धरला की गोडी वाढते.

दुसरा वारा. माएस्त्राले म्हणतात त्याला, वायव्येकडून येतो आणि बोनिफाचोच्या सामुद्रधुनीत अडकल्यासारखा होऊन अजून जोरात सुटतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तीन दिवस सलग तो चालू होता, गाडीचं दार उघडताना दोन्ही हातांनी धरायला लागायचं. तिथली झाडं बघा, सगळी एका बाजूला वाकलेली. पण द्राक्षबागेला हाच वारा औषध आहे, पानं आणि घड कोरडे राहतात, भुरी-डाऊनीसारखे रोग कमी लागतात, फवारण्या कमी. शिवाय वारा समुद्रावरून येतो म्हणून वाइनमधे खारटपणा येतो असं तिथले लोक सांगतात, त्याचं शास्त्र काय ते शास्त्रज्ञांनी बघावं, पण पिताना जिभेच्या कडेला ती खारट चव असते एवढं मात्र नक्की.

तिसरी गोष्ट उंची. किनारा सोडून आत गेलं की लिंबारा नावाचा डोंगर आहे, साधारण 1,360 मीटर, म्हणजे महाबळेश्वरच्या आसपास. त्याच्या पायथ्याशी आणि उतारावर बऱ्याच बागा आहेत. दिवसा ऊन कडक आणि रात्री गार हवा उतरते, त्यामुळे द्राक्षात साखर तयार होते पण आंबटपणा पण टिकतो. गरम प्रदेशातल्या व्हाइट वाइनची नेहमीची अडचण हीच, की पिकता पिकता आंबटपणा निघून जातो आणि वाइन मिळमिळीत होते. गल्लूऱ्यात ते होत नाही.

आणि एक फरक, जो मला फार आवडतो. नाशिकला वेल झोपतच नाही, थंडी तेवढी पडत नाही, म्हणून आपल्याकडे एप्रिलची छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी अशा दोन कराव्या लागतात आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. गल्लूऱ्यात वेल हिवाळ्यात पार काडी होऊन झोपतो, वसंतात उठतो, आणि तोडणी सप्टेंबरमधे. म्हणजे तिकडे घड उतरत असतात तेव्हा इकडे गणपती असतात आणि ऑक्टोबर छाटणीची तयारी चालू असते.

पहिली पायरी: लेबल वाचायला शिका

दुकानात उभं राहिल्यावर सगळ्यात आधी एकच शब्द शोधा, गल्लूरा. कारण नुसतं 'व्हर्मेंटिनो दी सार्देन्या' लिहिलेली बाटली बेटावरच्या कुठल्याही भागातल्या द्राक्षांची असू शकते, त्यात किमान 85 टक्के व्हर्मेंटिनो असलं तरी पुरतं. ती वाईट असते असं अजिबात नाही, रोजच्या जेवणाला मस्त असते आणि स्वस्त पण. पण वर जे ग्रॅनाइट आणि वाऱ्याचं सांगितलं ते हवं असेल तर लेबलवर गल्लूरा पाहिजे, तिथे किमान 95 टक्के व्हर्मेंटिनो असावं लागतं आणि हेक्टरी 10 टनांपेक्षा जास्त माल घेता येत नाही.

मग डीओसीजी ही अक्षरं. इटलीतला वाइनचा सगळ्यात वरचा सरकारी दर्जा. गल्लूऱ्याच्या व्हर्मेंटिनोला तो 1996 मधे मिळाला आणि आख्ख्या सार्डिनियात हा दर्जा असलेली ही एकच वाइन आहे. बाटलीच्या तोंडाशी कागदाची नंबर छापलेली सरकारी पट्टी असते, ती बघून घ्या, ती असली की प्रश्न मिटला.

'सुपेरिओरे' लिहिलेलं असेल तर नियम अजून कडक, हेक्टरी 9 टन आणि अल्कोहोल किमान 13 टक्के, साधीला 12. सुपेरिओरे जरा भरलेली, जाडसर लागते, दोन-चार वर्षं ठेवली तरी छान उघडते. नवीन माणसाने साधीपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे, कारण तिच्यात ताजेपणा जास्त कळतो, आणि मग त्याच वाइनरीची सुपेरिओरे घेऊन शेजारी शेजारी ठेवून प्या, फरक आपोआप समजेल, कोणी समजवावा लागत नाही.

'फ्रित्सांते' म्हणजे हलके बुडबुडे, 'स्पुमांते' म्हणजे पूर्ण फेसाळणारी, 'पास्सितो' म्हणजे द्राक्षं सुकवून केलेली गोड वाइन. चुकून पास्सितो उचललीत आणि माशाबरोबर उघडलीत तर निराशा होईल म्हणून सांगितलं.

साल पण बघा. साधी वाइन शक्यतो मागच्या एक-दोन वर्षांतली घ्या. जुनी म्हणजे भारी हा नियम इथे लागू नाही. इटलीतल्या दुकानात सहकारी वाइनरीची बाटली साधारण 8-12 युरोत येते, सुपेरिओरे 12-20 च्या मधे, आणि काही नावाजलेल्या घराण्यांच्या बाटल्या त्याच्याही बऱ्याच वर जातात. काही चांगले उत्पादक स्वतःहून डीओसीजीच्या नियमाबाहेर राहून 'इसोला देई नुरागी' नावाखाली वाइन काढतात, ते नाव दिसलं तर ती कमी प्रतीची असा अर्थ काढू नका, पण सुरुवातीला त्या वाटेला जाऊ पण नका.

दुसरी पायरी: जास्त गार करू नका

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं.

माझा पहिला अनुभव सांगतो. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात बाटली मागवली, ती बर्फाच्या बादलीत तासभर बुडवलेली आली, प्यायलो, गार लागली, बरं वाटलं, बस, बाकी काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी आतल्या गावात तीच वाइन, तेच साल, तळघरातून काढून दिलेली प्यायलो आणि मला वाटलं ही वेगळीच बाटली आहे. फरक फक्त तापमानाचा होता.

आपला फ्रिज 4-5 डिग्रीला असतो. ही वाइन 10 ते 12 डिग्रीला बोलायला लागते, सुपेरिओरे असेल तर 12 च्या थोडं वर सुद्धा चालते. म्हणून फ्रिजमधून काढली की युरोपात पंधरा-वीस मिनिटं टेबलावर राहू द्या. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात मात्र दहा मिनिटं पुरेत, आणि एका वेळी ग्लासात थोडीच ओता, एक तृतीयांश वगैरे, बाटली परत फ्रिजमधे. ग्लास देठाचा आणि वर थोडा निमुळता होणारा घ्या, आणि देठालाच धरा, नाहीतर हाताच्या उबेने वाइन तापते.

तिसरी पायरी: वास, मग घोट, मग थांबा

आधी ग्लास न हलवता वास घ्या, मग थोडा गोल फिरवून परत घ्या. लिंबाची साल, हिरवट नाशपती, कधी पीच, असं पहिल्यांदा येतं. त्याच्या मागून एक झाडपाल्याचा वास येतो, रोझमेरी, वाळलेलं गवत, रानातली झुडपं. सार्डिनियाच्या डोंगरांवर माक्किया म्हणून खुरट्या सुगंधी झुडपांचं रान असतं, उन्हात तापल्यावर त्याचा वास रस्त्यावर गाडीत पण येतो, आणि तो एकदा नाकात बसला की पुढे प्रत्येक बाटलीत सापडतो. आपल्याला जवळचं काय सांगू, तर कोकणात मे महिन्यात दुपारी सड्यावरून चालताना सुकलेल्या गवताचा आणि करवंदीच्या जाळीचा जो मिसळलेला वास येतो त्याच्या घरातला आहे असं मला वाटतं.

मग घोट. लगेच गिळू नका, तोंडभर फिरू द्या. आधी फळ आणि आंबटपणा, मधे थोडा तेलकट गुळगुळीतपणा, मग कडेला खारट, आणि गिळल्यानंतर, हे लक्षात ठेवा, गिळल्यानंतर चार-पाच सेकंदांनी घशाशी एक हलका कडवटपणा उरतो, कडू बदामासारखा. हीच व्हर्मेंटिनोची ओळख. नवीन माणूस म्हणतो अरे ही कडू आहे, खराब झाली का. नाही झाली. तो कडवटपणा म्हणजे मेथीच्या भाजीतला जसा, काढून टाकला तर भाजीच उरत नाही. जेवणाबरोबर घेतलीत तर तोच तोंड साफ करतो आणि पुढचा घास खावासा वाटतो.

गोड वाइनची सवय असेल तर पहिला ग्लास आवडेलच असं नाही, पण दुसऱ्या दिवशी जेवताना परत घेऊन बघा, नुसती न पिता.

चौथी पायरी: बरोबर काय खायचं

तिकडे असाल तर फ्रेगोला विथ शिंपल्या पहिल्यांदा मागवा. फ्रेगोला म्हणजे रव्याच्या छोट्या गोळ्या, भाजलेल्या, त्या शिंपल्यांच्या रश्श्यात शिजवतात. आपल्या तिसऱ्यांची आठवण येतेच. मग बोत्तार्गा, ही माशाची अंडी मीठ लावून दाबून वाळवतात आणि पास्त्यावर किसून घालतात, म्हणजे सरळ सांगायचं तर वाळवलेली गाबोळी. ज्याने घरी गाबोळी खाल्लीये त्याला बोत्तार्गा शिकवायला लागत नाही, आणि त्या खारट चवीवर ही वाइन जशी बसते तशी दुसरी कुठली बसताना मी बघितली नाही.

पण गल्लूरा नुसता समुद्राचा नाही, आतला भाग मेंढपाळांचा आहे, आणि तिथला खरा पदार्थ त्सुप्पा गल्लुरेझे, नावात सूप आहे पण सूप नाही. शिळ्या पावाचे थर, मधे चीज, त्यावर मटणाचा किंवा गोमांसाचा रस्सा ओतून ओव्हनमधे भाजतात, लग्नाकार्यात करतात. वर खरपूस, आत मऊ. कोण काय खातं त्याप्रमाणे आधी विचारून घ्या, कारण शाकाहारी दिसतो पण रस्सा मांसाचाच असतो. शाकाहाऱ्यांनी पेकोरिनो म्हणजे मेंढीच्या दुधाचं चीज आणि पाने काराझाऊ घ्यावं, ही कागदासारखी पातळ कुरकुरीत पोळी मेंढपाळ महिनोन्महिने टिकते म्हणून रानात घेऊन जायचे. शेवटी सेआदास, आत ताजं चीज भरून तळलेली आणि वर मध ओतलेली, करंजीची लांबची बहीण. तिच्याबरोबर मात्र पास्सितो.

घरी असाल तर. तळलेले बोंबील, रव्यातली सुरमई, कोळंबीचं सुकं, तिसऱ्या, सगळं चालतं. कोथिंबीर वडी आणि अळूवडीबरोबर मी स्वतः करून बघितलंय, अळूवडीतली चिंच आणि वाइनचा आंबटपणा एकमेकांना धरून राहतात. जे चालत नाही ते म्हणजे तिखट. तांबडा रस्सा, ठेचा, झणझणीत मिसळ यांच्याबरोबर नको, अल्कोहोल 13 टक्क्यांच्या आसपास असतं आणि ते तिखट अजून भडकवतं, वाइनची चव पण जाते आणि रश्श्याची पण. खोबऱ्याच्या दुधातलं सौम्य कालवण असेल तर हरकत नाही.

पाचवी पायरी: तिकडे जायचं असेल तर

ओल्बिया हे विमानतळ आणि बंदर, दोन्ही. इटलीच्या मोठ्या शहरांतून विमान आहे, आणि चिवितावेक्किया, लिवोर्नो, जेनोव्हा इथून रात्रीची बोट येते, रात्री चढायचं, सकाळी ओल्बिया. मला बोटच आवडते, पहाटे डेकवर उभं राहिलं की तावोलारा बेटाचा उभा कडा समोर येतो.

बहुतेक लोक ओल्बियाहून सरळ कोस्ता स्मेराल्दाला जातात, हा 1960च्या दशकात आगाखानांनी वसवलेला श्रीमंतांचा किनारा. पाणी खरंच पाचूसारखं आहे, एक दिवस जाऊन या. पण वाइनसाठी पाठ समुद्राकडे करा आणि आत जा. ओल्बियाहून मोंती अर्ध्या तासावर, त्याच रस्त्याने पुढे बेर्किद्दा, आणि लिंबाराच्या पलीकडे तेंपिओ पाउसानिया. (इटालियनमधे सीएच आलं की 'क' म्हणायचं, च नाही, हे एक लक्षात ठेवलंत तर रस्ता विचारताना खूप सोपं जातं.)

या तिन्ही गावांत सहकारी वाइनरी आहेत, 1950च्या दशकात उभ्या राहिलेल्या. म्हणजे आपल्याकडे प्रवरानगरपासून सहकारी साखर कारखाने उभे राहत होते साधारण त्याच काळात तिकडचे छोटे शेतकरी एकत्र येऊन वाइनरी बांधत होते, कारण दोन-चार एकरवाल्याला स्वतःच्या टाक्या आणि यंत्रं परवडणारी नव्हती. सप्टेंबरमधे गेलात तर काट्यावर द्राक्षांनी भरलेल्या ट्रॅक्टरची रांग लागलेली दिसते, द्राक्षातली साखर मोजली जाते, चिठ्ठी मिळते, लोक गप्पा मारत उभे असतात. नगर जिल्ह्यात लहानपणी उसाच्या गाड्यांची रांग बघितलेला माणूस मी, ते बघून मला तिथून निघवेना. या सहकारी वाइनरींच्या दुकानात चव घेता येते, दर रास्त असतात, आणि गावातले लोक कॅन घेऊन सुटी वाइन भरून नेताना दिसतात, ती पण चांगली असते.

खाजगी वाइनरी बघायच्या असतील तर आर्त्साकेना आणि लुओगोसान्तोच्या बाजूला आहेत, बऱ्याच देखण्या, पण तिथे आधी ईमेल करून वेळ घ्या. 'देगुस्तात्सिओने' हा शब्द शोधायचा, म्हणजे चव घेण्याची बैठक. एकदा मी न कळवता दुपारी दीडला पोचलो आणि फाटक बंद, कारण एक ते साडेतीन-चार सगळं बंद असतं, दुकानं, वाइनरी, सगळं. सकाळी दहा-अकराची वेळ घ्या, जीभ पण तेव्हा ताजी असते. ऑगस्टचा मधला आठवडा टाळा, 15 ऑगस्टला त्यांचा मोठा सण आणि सगळी इटली समुद्रावर असते. मे-जून किंवा सप्टेंबर उत्तम. जॅझ आवडत असेल तर मात्र ऑगस्टलाच जा, बेर्किद्दामधे 1988 पासून जॅझ महोत्सव भरतो, त्या गावचेच ट्रम्पेटवादक पाओलो फ्रेझू यांनी सुरू केलेला, काही मैफली रानात, चर्चच्या अंगणात होतात. बेर्किद्दातच वाइनचं संग्रहालय पण आहे.

गाडी भाड्याने घ्याल तर भारतातून येताना आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट काढूनच या. आणि पिऊन गाडी चालवण्याबद्दल स्पष्ट सांगतो, इटलीत मर्यादा रक्ताच्या लिटरला 0.5 ग्रॅम अल्कोहोल आहे आणि लायसन्सला तीन वर्षं झाली नसतील तर शून्य, रस्ते घाटाचे, रात्री रानडुकरं आडवी येतात. चव घेताना थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, त्यात थुंकण्यात काही अपमान नाही, जाणकार लोक तेच करतात. ज्याला गाडी चालवायची नाही त्याच्यासाठी ओल्बियाहून रेल्वे आहे, बेर्किद्दाला थांबते, गाड्या कमी असतात म्हणून परतीची वेळ आधी बघा.

वाटेत कालांजानुसला थांबा, ते बुचाच्या झाडांचं गाव. बूच ही ओकची साल असते, झाड पंचवीस-तीस वर्षांचं झाल्यावर पहिल्यांदा सोलतात, मग साधारण दहा वर्षांनी परत, झाड मरत नाही. नुकतीच सोललेली खोडं गेरू फासल्यासारखी लाल दिसतात. लुरासजवळ हजारो वर्षं जुनं रानटी ऑलिव्हचं झाड आहे, आणि आर्त्साकेनाजवळ कोद्दू वेक्कियू नावाची कांस्ययुगातली भली मोठी दगडी समाधी. बागा, बूच, समाधी, सगळं त्याच ग्रॅनाइटवर.

समुद्रावर गेलात तर वाळू-शंख उचलून आणू नका, मुलांनाही सांगा. 2017 पासून कायद्याने 500 ते 3,000 युरो दंड आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात.

शेवटची पायरी: बाटली घरी आणताना

भारतात येताना माणशी 2 लिटरपर्यंत दारू ड्युटीशिवाय आणता येते, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या बसतात, तिसरी नाही. हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनमधेच टाका. माझी पद्धत अशी की बाटली आधी प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून, मग जाड जीन्सच्या एकेका पायात एकेक, आणि बॅगेच्या मधोमध, कडेला नको. महाराष्ट्रात घरी ठेवायला आणि प्यायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, तो काढून ठेवा.

घरी आल्यावर बाटली प्रवासाने हललेली असते, दोन-तीन दिवस अंधारात, गार जागी शांत राहू द्या. स्वयंपाकघरात गॅसच्या वरच्या कपाटात ठेवू नका, मे महिन्यात तिथे वाइन शिजते. आपल्या हवेत साधी बाटली महिनोन्महिने जपून ठेवण्यात अर्थ नाही, पुढच्या चांगल्या बाजारच्या दिवशी उघडा. उघडल्यावर बूच लावून फ्रिजमधे दोन, फार तर तीन दिवस, आणि खरं सांगतो, दुसऱ्या दिवशी ती बऱ्याचदा जास्त छान लागते, झाडपाल्याचा वास मोकळा होतो.

आणि बाटली मिळालीच नाही तर इथे नाशिकची शेनिन ब्लाँक किंवा सोव्हिन्यों ब्लाँक, नाहीतर अकलूजची कुठली कोरडी व्हाइट, इटालियन आणि भारतीय भावांनी मिळून उभी केलेली वाइनरी आहे ती. चव गल्लूऱ्याची नाही, ती मिळणार पण नाही, पण वास घेणं, थांबणं, दहा-बारा डिग्रीला पिणं या सगळ्याचा सराव त्यावर होतो. मी बोंबील आणायला गेलो की आधी बाटली फ्रिजमधून काढायची वेळ मोजून ठेवतो, तव्यावर दुसरा घाणा पडला की बाहेर, आणि ताटं वाढेपर्यंत बरोबर होते.